लाभांश किती?

शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात, फ्रीज आणि मागचे दार यांच्या मधल्या भिंतीवर, आपल्याकडे जिथे कालनिर्णय टांगतात नेमक्या त्या जागी एक काचेची चौकट आहे. लेकीने दिलेला चकल्यांचा डबा पोहोचवायला मी गेलो होतो. ओव्हनमध्ये केळ्यांचा केक भाजत होता, त्याच्या वासाने खोली भरली होती, आणि डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्येही पाळतात हे पाहून मला बरे वाटत होते. चौकटीतला कागद मी आधी लग्नाचा दाखला समजलो. कडेने नक्षी, खाली सह्या, आणि काचेच्या कोपऱ्यात आतून खोचलेला एका टोपीवाल्या गृहस्थाचा लहानसा फोटो. बाई म्हणाल्या, हा ग्रीन बे पॅकर्स या फुटबॉल संघाचा शेअर आहे, वडिलांकडून आलेला, आणि त्या हिशेबाने मी या संघाची मालकीण आहे. चौतीस वर्षे सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात काढलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचे तेच निघाले. मी विचारले, लाभांश किती देतात? काहीच नाही, त्या म्हणाल्या. विकायचा झाला तर? बाजारात विकता येत नाही. मग निदान सामन्याचे तिकीट तरी? तेही नाही. तिसरे उत्तर देताना त्यांनी हातातल्या फडक्याने ती काच पुसली, आणि ती आधीच स्वच्छ होती.

रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते पुसणे डोळ्यांसमोरून हलेना.

आम्ही दोघे सप्टेंबरात लेकीकडे ॲपलटनला आलो, तेव्हा त्यांचा फुटबॉलचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ग्रीन बे इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. रविवारी सामना असला की दुपारी रस्ते असे ओस पडतात की आपल्याकडच्या भारत-पाकिस्तान सामन्याची आठवण व्हावी. जावई, लेक आणि अकरा वर्षांचा नातू सोफ्यावर ओळीने बसत आणि मी त्यांच्या कडेला, काही न कळता. पायाने क्वचितच खेळल्या जाणाऱ्या या खेळाला फुटबॉल का म्हणायचे हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारून घेतला आणि नातवाने तो कपाळाला हात लावून ऐकून घेतला. घड्याळात सामना साठ मिनिटांचा, पण संपायला तीन तासांहून अधिक लागतात, आणि कोणीतरी मोजून पाहिले तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ भरला अवघा अकरा मिनिटे. उरलेला वेळ माणसे उभी असतात, चर्चा करतात, पंच शिट्ट्या वाजवतात आणि जाहिराती चालतात. तरुणपणी मी गावच्या संघातून कबड्डी खेळलो आहे, आणि एका दमात चढाई करून परतण्याची सवय असलेल्या माणसाला हे म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेत दर दोन मिनिटांनी प्रसाद वाटल्यासारखे वाटत होते.

मग नातवाने मला शिकवायला घेतले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, इतकेच तू धरून ठेव, असे त्याने सांगितले. ती दहा यार्डांची हद्द टीव्हीवर पिवळ्या रेघेने दिसते. रेघ प्रत्येक वेळी नव्या जागी, आणि खेळाडू तिच्यावरून धावले की ती त्यांच्या पायांखाली नीट झाकली जाते. मी दोन रविवार मनातल्या मनात त्या रंगाऱ्यांचे कौतुक केले आणि तिसऱ्या रविवारी विचारले, इतक्या झटपट ही रेघ पुसून पुन्हा आखतात तरी कशी? नातू सोफ्यावरून खाली घसरला. ती रेघ मैदानावर नसतेच. १९९८ च्या सप्टेंबरपासून संगणक ती फक्त पडद्यावर उमटवतो, स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला ती दिसत नाही. मैदानावर खरे मोजमाप होत आले ते दोन काठ्यांना बांधलेल्या दहा यार्डांच्या साखळीने. २०२५ च्या हंगामापासून मोजणी मुख्यतः कॅमेऱ्यांवर सोपवली आहे, तरी साखळीवाले अजून मैदानाच्या कडेला हजर असतातच. ती साखळी पाहताच मला आमच्या बांधावरची मोजणी आठवली. भूमापक शंकू-साखळी घेऊन यायचा आणि दोन्ही बाजूंचे भाऊबंद ती ताणली जाताना श्वास रोखून उभे असायचे. अब्जावधी डॉलरचा हा खेळ शंभर वर्षे साखळीच्या शेवटच्या कडीवर विसंबून होता, आणि त्या क्षणी तो मला पहिल्यांदा थोडा ओळखीचा वाटला.

माझ्या डाव्या कानाला यंत्र आहे. त्यामुळे हडलची गोष्ट नातवाने मला मुद्दाम, जवळ येऊन, सावकाश सांगितली. दर चालीआधी खेळाडू डोकी एकत्र आणून गोल करतात, त्याला हडल म्हणतात. मला ते आधी मंडळाच्या पोरांचे गुपचूप ठरवणे वाटायचे. पण त्याचे श्रेय दिले जाते वॉशिंग्टनमधल्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाला. १८९० च्या दशकात तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा खेळाडू, पॉल हबर्ड हातांच्या खुणांनी सहकाऱ्यांना चाल सांगत असे. समोरचा संघही कर्णबधिरांचा असला की त्या खुणा त्यांनाही वाचता यायच्या. म्हणून त्याने आपल्या गड्यांना पाठी बाहेर आणि हात आत असे गोलात घेतले. आज सत्तर-ऐंशी हजार माणसांच्या गोंगाटात ऐकू येणारे खेळाडू तेच करतात. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ असतो, प्रशिक्षक थेट कानात बोलतो, पण चाल सुरू करण्याच्या मुदतीतले पंधरा सेकंद उरले की आवाज आपोआप बंद होतो. त्यानंतर ज्याचे त्याने पाहायचे. हे ऐकल्यापासून मी दर चालीआधी क्वार्टरबॅकच्या चेहऱ्याकडे पाहतो. कानातला आवाज अचानक गेल्यावर माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक आहे, आमच्या यंत्राची बॅटरी अशीच जाते.

या गोष्टी ऐकण्याचे मला व्यसनच लागले. नियम अजूनही अर्धेच कळतात, पण नातवाने शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आत एखादी अजब हकिकत सांगायची आणि मी ती रात्री वहीत उतरायची, असा आमचा परिपाठ झाला. त्यांतली माझी सर्वांत आवडती अर्थातच एका खतावणीची आहे. खेळण्यासाठी पैसे घेणे त्या काळी हलके मानले जाई. सभ्य माणसाने हौसेने खेळावे आणि फार तर प्रवासखर्च घ्यावा, असा दंडक होता. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गच्या दोन क्लबांमध्ये सामना झाला. ॲलेगेनी क्लबतर्फे येल विद्यापीठाकडून गाजलेला पज हेफेलफिंगर उतरला, प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू घेऊन त्याने टचडाउन केले, म्हणजे तो समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपार नेला, आणि त्या काळी टचडाउनचे चारच गुण मिळत असल्यामुळे ४-० असा तो सामना संपला. पैसे दिले-घेतले अशी कुजबुज तेव्हाही होती, पण पुरावा नव्हता. अनेक दशकांनी क्लबच्या हिशेबाचे पान सापडले आणि त्यात हेफेलफिंगरच्या नावे रोख ५०० डॉलर खर्ची टाकलेले निघाले, प्रवासाचे २५ वेगळे. ते पान आता ओहायोतल्या कँटन गावी खेळाच्या संग्रहालयात आहे, आणि व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा जन्मदाखला म्हणून ते दाखवतात. मला ते पान लिहिणाऱ्याचे फार वाटते. सगळ्या क्लबाला ही गोष्ट लपवायची होती, चेअरमनने त्याला डोळा मारला असेल, ‘किरकोळ’ या सदरात टाक असे सुचवलेही असेल, आणि तरी त्याने नाव, रक्कम, कारण सगळे जिथल्या तिथे लिहिले. असे प्रसंग माझ्यावरही आले आहेत. मी दर वेळी त्याच्यासारखा वागलो असे मला म्हणता येणार नाही.

त्याच कँटनमध्ये १७ सप्टेंबर १९२० रोजी हपमोबाइल मोटारींच्या दुकानात काही संघांचे लोक जमले आणि आजच्या नॅशनल फुटबॉल लीगची स्थापना झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मंडळी विक्रीला ठेवलेल्या गाड्यांच्या पायपट्ट्यांवर बसली. प्रत्येक संघाने शंभर डॉलर प्रवेश-फी भरायची असे ठरले, आणि ती प्रत्यक्षात कोणी भरली नाही असे सांगतात. म्हणजे संस्थेची पहिली नोंद ‘येणे बाकी’. पुढे १९३२ च्या डिसेंबरात शिकागोत विजेतेपद ठरवणारा सामना कडाक्याच्या थंडीमुळे बंदिस्त सभागृहात घ्यावा लागला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती आणि तिच्यासाठी पसरलेली माती, जनावरांच्या खुणांसकट, तशीच होती. मैदान शंभर यार्डांचे हवे, जागा ऐंशीचीच. शिकागो बेअर्सनी पोर्ट्‌स्मथच्या संघाला ९-० असे हरवले. मोठमोठ्या धटिंगणांनी हत्तीच्या लिदीच्या वासात एकमेकांना लोळवण्याचे ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पण गंमत पुढेच आहे. त्या अडचणीच्या जागेत तात्पुरत्या केलेल्या सोयींपैकी आणि तिथे उठलेल्या वादांपैकी काहींचे पुढच्याच वर्षी नियम झाले. भिंतीवर आपटू नये म्हणून चेंडू कडेपासून आत आणून ठेवण्याची पद्धत त्यांतलीच. आजही मैदानावर त्यासाठी खुणा आखलेल्या असतात आणि भिंत मात्र कुठेच नसते.

आणि मग पॅकर्स. नातू म्हणाला, आजोबा, आपली टीम कोणी सुरू केली माहीत आहे? इंडियन कंपनीने! मी अर्धा मिनिट ताठ बसलो. मग कळले की इंडियन पॅकिंग कंपनी ही मांस डबाबंद करणारी तिथलीच कंपनी होती, आपला तिच्याशी संबंध शून्य. १९१९ मध्ये तिथला नोकर कर्ली लँबो याने संघ काढला आणि कंपनीने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले. कंपनी लवकरच इतिहासजमा झाली आणि डबेबंदी करणाऱ्यांचे नाव तेवढे संघाला चिकटून राहिले. त्या काळचे लहान गावांचे बाकीचे संघ एकेक करून मोडले किंवा मोठ्या शहरांत गेले. ग्रीन बेवाल्यांनी १९२३ मध्ये शेअर विकून संघ गावाच्या मालकीचा केला आणि पुढे अडचण आली की पुन्हा विकले: १९३५, १९५०, १९९७, २०११, २०२१. आज गावाची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर आणि मालक पाच लाखांहून अधिक. असली मालकी आता लीगच्या नियमात बसत नाही, एकट्या पॅकर्सना ती जुनी म्हणून चालवून घेतली जाते. हा एकच संघ असा की ज्याचा ताळेबंद दर वर्षी लोकांसमोर येतो. मी तो एक संपूर्ण संध्याकाळ वाचला, पत्नीने दोनदा जेवायला हाक मारली. टीव्हीच्या हक्कांतून आणि लीगच्या इतर सामायिक करारांतून मिळणारा पैसा बत्तीस संघांत सारखा वाटला जातो हे त्यातून मला उमगले. न्यूयॉर्कला जेवढा, तेवढाच ग्रीन बेला, आणि हा वाटा आता वर्षाला ४० कोटी डॉलरच्या पुढे गेला आहे. भांडवलशाहीच्या माहेरी ही समसमान वाटणी! पण मला थांबवून ठेवले ते मूळच्या पोटनियमांतल्या एका तरतुदीने. संघ कधी मोडीत निघालाच तर देणी भागवून उरलेली सगळी रक्कम गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेला, शहिदांच्या स्मारकासाठी द्यायची. १९९७ मध्ये तिथे संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाचे नाव आले, पण मेख तीच. संघ विकून कोणाच्याही खिशात दमडी पडणार नसेल तर विकायची बुद्धी होणार कोणाला? इतके सरळ आणि इतके पक्के कलम मी आमच्या संपूर्ण नोकरीत वाचले नव्हते.

तिथे मला वडील आठवले. शेजारच्या बाईंच्या वडिलांनी शेअर घेतला तो १९५० च्या विक्रीत, २५ डॉलरला. त्याच सुमारास आपल्याकडे प्रवरेच्या काठी पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप होत होते. आमच्या भागात कारखाना उशिरा आला. वडिलांनी एक बैल विकून शेअर घेतला आणि त्याची पावती लोखंडी कपाटात, आजीच्या पाटल्यांच्या खाली ठेवली. दिवाळीला सवलतीच्या दराने सभासदांची साखर मिळे. वडील ती पोती सायकलवरून आणत आणि वाटेत दोघा-तिघांना थांबवून, काही कारण नसताना, आपल्या कारखान्याची म्हणून दाखवत. पुढे मी त्याच व्यवसायात गेलो, पंधरा टक्क्यांची कायद्याची मर्यादा आणि प्रत्यक्षात जेमतेम हाती येणारे आकडे रोज पाहू लागलो, आणि एकदा जेवताना वडिलांना म्हणालो की तुम्ही त्या वेळी तेवढ्या पैशांचे सोने घेतले असते तर आज किती झाले असते. मी आकडाही सांगितला. ते काही बोलले नाहीत. ताटातला भात त्यांनी बोटांनी एका कडेला नीट सारला, पुन्हा सारला.

काच पुसण्याचे मला इतके का लागले ते तेव्हा कळले.

शेजारीणबाईंचे वडील कागदाच्या गिरणीत होते. या खोऱ्यात अशा पुष्कळ गिरण्या होत्या, काही अजून आहेत, आणि वारा फिरला की त्यांचा उग्र, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. लहानपणी बाईंना तो वडिलांचाच वास वाटायचा. मी त्यांना मळीचा वास समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, हंगामात तो आमच्या उशीलाही कसा येई तेही सांगितले. त्यांनी मान डोलावली, कळले असावे. ३१ डिसेंबर १९६७ चा डॅलसविरुद्धचा सामना त्यांनी वडिलांशेजारी बसून पाहिला होता. सोळा वर्षांच्या होत्या. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. मैदान गोठू नये म्हणून जमिनीखाली तापत्या तारा बसवल्या होत्या त्या बंद पडल्या. पंचाची धातूची शिट्टी ओठाला चिकटून गोठली, तेव्हा पुढचा सगळा सामना पंचांनी ओरडून चालवला. शेवटच्या काही सेकंदांत क्वार्टरबॅक बार्ट स्टारने स्वतःच चेंडू पोटाशी धरून मुसंडी मारली आणि पॅकर्स २१-१७ ने जिंकले. बाईंना त्यातले फारसे दिसलेच नव्हते, सगळीकडे श्वासांची वाफ होती. वडिलांनी त्यांचे पाय आपल्या कोटाच्या आत, पोटाशी घेतले होते, एवढे मात्र त्यांना स्वच्छ आठवत होते.

डिसेंबरच्या मध्यावर मोठा हिमवर्षाव झाला. नातवाच्या हकिकतींनाही ऋतूप्रमाणे बर्फाचा रंग चढला. १९८२ मध्ये न्यू इंग्लंडच्या संघाचा सामना बर्फात ०-० असा अडकला असताना, तुरुंगातून दिवसपाळीच्या कामासाठी सोडलेला मार्क हेंडरसन नावाचा कैदी ट्रॅक्टर घेऊन मैदानात घुसला. बरोबर घरच्या संघाच्या किकरपुढची, म्हणजे लाथेने चेंडू मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूपुढची, जागा त्याने साफ केली आणि घरचा संघ ३-० ने जिंकला. तो ट्रॅक्टर आता त्या संघाच्या संग्रहालयात टांगून ठेवला आहे. ही गोष्ट नातवाने एकाच जेवणात तीनदा सांगितली. त्याच आठवड्यात ग्रीन बेहून आवाहन निघाले की स्टेडियममधला बर्फ उपसायला माणसे हवीत, तासावर पैसे मिळतील. हे तिथे दर हिवाळ्यात चालते. जावई हौसेने निघाला, मी आणि नातू बरोबर गेलो. अजून उजाडले नव्हते. फाटकासमोर रांग, हिरव्या-पिवळ्या टोप्या, हातात कॉफीचे पेले आणि प्रत्येक तोंडापुढे वाफेचा छोटा ढग. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे निघतात तशीच ती कुडकुडती, चेष्टेखोर शांतता. आम्हाला आत जाता येत नव्हते, म्हणून आम्ही गाडीतून पाहत राहिलो. तीन-चार तासांनी जावई परतला तेव्हा त्याचे हातमोजे निथळत होते. बाकांवरचा बर्फ फावड्याने लोटून पायऱ्यांवर मांडलेल्या घसरगुंड्यांतून खाली मैदानाकडे सोडायचा, तिथून यंत्रे तो उचलतात, असे त्याने सांगितले. त्याच्या ओळीत एक पन्नाशीची बाई होती, तिच्याकडे २०११ चा शेअर होता. मालकीणबाई स्वतःच्याच संस्थेत रोजंदारीवर! मी हसलो, आणि हसता हसता गप्प झालो. आमच्या कारखान्याच्या पहिल्या गाळपाच्या आदल्या रात्री वडील गव्हाणीजवळची जागा झाडायला गेले होते, पैसे न घेता.

जानेवारीत, आमच्या निघण्याच्या आधी पंधरा दिवस, शेजारीणबाई पिवळ्या कागदांची वही घेऊन आल्या. मृत्युपत्रासाठी मालमत्तेची यादी करायची होती. वकील बेरजेचेही पैसे लावतो, तुम्ही हिशेबनीस आहात, जरा पाहाल का, असे त्यांनी विचारले. डावीकडे वस्तू, उजवीकडे किंमत. घर, गाडी, बँकेतली ठेव, आईचे चांदीचे चमचे, शिवणयंत्र. मी बेरीज दोनदा केली, एके ठिकाणी त्यांचा हातचा राहिला होता तो दाखवला. शेवटून तिसरी ओळ शेअरची होती. शेअर एक, आणि पुढे कंसात एक हजार, कारण १९९७ च्या विक्रीच्या वेळी जुन्या प्रत्येक शेअरचे हजार केले गेले. हजारपट होऊनही त्याचे मोल जिथल्या तिथे राहिले. तो आता नातीच्या नावे करायचा आहे, घरातल्या घरात देता येतो, असे त्या म्हणाल्या. उजवीकडचा रकाना कोरा होता. इथे काय लिहू, त्यांनी विचारले.

हिशेबाच्या वहीत कोरा रकाना सोडायचा नसतो. मागाहून कोणी तिथे काही लिहू नये म्हणून आडवी रेघ मारतात. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवले होते आणि चौतीस वर्षांत मी ते एकदाही मोडले नाही. पेन हातात होते. बाई माझ्याकडे पाहत होत्या, ओव्हनकडे गेलेली लेकही तिथूनच वळून पाहत होती. मी खालची एकूण बेरीज लिहिली, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि पेनाचे टोपण लावून वही तशीच त्यांच्याकडे सरकवली.